मोत्याचं पथ्य

आमच्या वसईकडच्या कळंबला पोपट दोन तऱ्हेचे. पहिले झाडावरचे. उजाडायच्या सुमाराला ते किंचाळत थव्यानं वाडीत उतरतात, पेरूवर बसतात आणि एकही पेरू पुरा खात नाहीत. एकाला एक चोच मारली, की पुढचा. त्यांना हाकलायला काकांनी पडवीत पत्र्याचा रिकामा डबा आणि काठी ठेवली आहे. दुसऱ्या तऱ्हेचा पोपट त्याच पडवीत, त्या डब्याच्या बरोबर वर, पिंजऱ्यात. त्यानं एक दाणा तरी तोंडात घ्यावा म्हणून तेच काका डाळिंब सोलून उभे. एकीकडे डबा बडवून "हाऽऽल्या" करायचं आणि दुसरीकडे "घे रे राजा, एवढा एकच घे" म्हणायचं, हे दोन्ही उद्योग एकच माणूस एकाच वेळी करतो. न बोलावता खातो तो चोर, आणि बोलावूनही खात नाही तो लाडका, असा आमच्या घराचा न्याय आहे.

लाडक्याचं नाव मोत्या. आमच्याकडे बैल झाले, कुत्रे झाले, मध्यंतरी एक बोकडही होऊन गेला, सगळे मोत्याच. नवं नाव शोधायची कोणाला हौस नाही. हा मोत्या जातीनं कॉकाटील, मूळ ऑस्ट्रेलियाचा. अंगानं राखाडी, डोक्यावर पिवळा तुरा, दोन्ही गालांवर नारिंगी टिकल्या. पुतणीच्या वाढदिवसाला तो घरात आला, पण हा पोपट आहे हे आईला अजून पटलेलं नाही. "हिरवा नाही, 'विठू विठू' म्हणत नाही, नुसता शिट्ट्या मारतो. पोपट कसला? टपोरी आहे."

हिरवा आणता येत नाही, हे तिला समजावण्यात आमची बरीच शक्ती खर्ची पडली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपले देशी पोपट पकडायला, विकायला आणि पाळायला बंदी आहे, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर तर कंठवाला पोपट कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत जाऊन बसला आहे. आमच्या बाजूला पन्नाशीच्या पुढच्या कोणालाही विचारा, त्याच्या आजोळी एक हिरवा पोपट होता आणि तो आल्यागेल्याला 'रामराम' म्हणत होता. तो सगळा रामराम आता दंडनीय आहे. कॉकाटीलवर मात्र तशी बंदी नाही. परदेशी पोपटांपैकी ज्या जातींची सरकारदरबारी नोंद करावी लागते त्या यादीतूनही तो सुटला आहे. म्हणजे आमचा मोत्या कायद्यानं निर्दोष. दोष होता तो वजनात.

पण वजनाचं आम्हाला काय ठाऊक? आम्हाला दिसलं ते एवढंच, की त्याच्या शिट्ट्या बंद झाल्या. पिसं फुलवून एका पायावर बसून राहायचा. पिंजऱ्यातून फ्रिजवर उडाला, की जिना चढून आल्यासारखा धापा टाकायचा. चोच वाढून पुढं वळली होती आणि तिचे पापुद्रे निघत होते. आईनं निदान केलं: नजर. मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या ओवाळायला घेतल्या, तर मोत्यानं पिंजऱ्यातून मान काढून त्यातली मिरचीच पळवली. दृष्ट काढणाऱ्याच्या हातातली मिरची नजर लागलेल्यानं खाल्ली तर दृष्ट निघाली की दुप्पट झाली, यावर शेजारच्या मावशींनाही काही सांगता आलं नाही.

मिरचीचं एक बरं असतं, पोपटाला ती तिखट लागतच नाही. माणसाच्या तोंडात तिखट ओळखणारा जो ग्राहक असतो, तो शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलिअस यांना २०२१चं नोबेल मिळालं. पक्ष्यांनाही तो ग्राहक आहे, पण मिरचीतल्या तिखटाला तो दाद देत नाही. मिरचीच्या झाडाला हे सोयीचंच आहे. पक्षी बी न चावता गिळतो आणि दूर नेऊन टाकतो. पोपट मिरची खातो म्हणून त्याला शूर समजणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्या फुकट गेल्या.

तर डॉक्टर. वसई-विरारला कुत्र्यामांजरांचे डॉक्टर आता बरेच झाले आहेत. पक्ष्यांचा हवा म्हटलं, की गाडीच धरावी लागते. काकांचा आग्रह परळचा. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं मोठं रुग्णालय आहे, आणि जुनी मुंबई त्याला अजून 'बैलघोडा' म्हणते. त्याच आवारात १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यक महाविद्यालय. "आपल्या आधीच्या मोत्यांपैकी एक तिथूनच बरा होऊन आला होता," काका म्हणाले. तो मोत्या बैल होता हे त्यांनी नंतर सांगितलं. शेवटी पुतणीनं बोरिवलीच्या बाजूचे एक पक्ष्यांचे डॉक्टर शोधले आणि पिंजरा निघाला.

काकांचा फुलांचा धंदा. मोगऱ्याची, चाफ्याची टोपली घेऊन पहाटेच्या गाडीनं दादर गाठण्यात त्यांचा जन्म गेला. त्यामुळे पिंजरा मालडब्यातूनच जाणार हे ठरलेलं. नालासोपाऱ्याला चढलो तेव्हा डब्यात भाजीचे भारे, फुलांच्या टोपल्या आणि मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका आधीच होत्या. मुंबईच्या लोकलमध्ये माणसाच्या आजाराला कोणी विचारत नाही. पोपटाच्या आजाराला मात्र अख्खा डबा सरसावला. एकजण म्हणाला, ओवा चारा. दुसऱ्यानं सुचवलं, रात्रभर तांब्याच्या भांड्यातलं पाणी. एका मावशींनी पाटीत हात घालून थेट सुकटच काढली. "एवढी खाऊ दे, मग बघ कसा बोलतो." मोत्यानं तुरा ताठ करून सुकटीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. सबंध प्रवासात शहाणपणाचं वागणं तेवढं एकच झालं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो सगळेच डॉक्टर विचारतात, आणि आईनं उत्तर दिलं ते सगळ्याच आया देतात.

"काय काय खातो?"

"काही खात नाही हो, डॉक्टर."

डॉक्टरांनी त्याला काट्यावर ठेवलं. काटा ग्रॅमचा. नव्वदच्या आसपास असायला हवा तो पक्षी एकशे बावीस भरला. मग त्यांनी त्याला रुमालात धरून पोटावरची पिसं स्पिरिटच्या बोळ्यानं बाजूला केली. आत कातडीखाली पिवळी चरबी दिसत होती. चोच उघडून बॅटरी मारली. निरोगी पोपटाच्या टाळूवर बारीक काट्यांची झालर असते. मोत्याची झिजली होती. अ जीवनसत्त्व कमी पडलं की असं होतं, आणि यकृतावर चरबी चढली की चोच अशी वाढते, पापुद्रे धरते. "उपाशी आहे आणि लठ्ठही आहे," डॉक्टर म्हणाले. "नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर असतात त्यांचं हेच होतं." बीमध्ये निम्मं तेल असतं आणि अ जीवनसत्त्व नावाला. शिवाय पक्ष्यांना आजार लपवायची जुनी खोड; रानात जो आजारी दिसला तो गेला. म्हणून तो फुलून बसलेला आपल्याला दिसतो तेव्हा आजार बराच पुढं गेलेला असतो.

"पण आम्ही सूर्यफूल एवढंसंच देतो," वहिनी म्हणाली.

"मग बाकीचं कोण देतं?" डॉक्टरांनी विचारलं आणि सगळ्यांकडे पाहिलं. कोणीच देत नव्हतं. तेव्हा त्यांनी फर्मान काढलं: पिंजऱ्याला एक वही टांगायची. जो जे देईल ते त्यानं वेळ घालून तिथल्या तिथं लिहायचं.

ती वही म्हणजे आमच्या घराचा खरा इतिहास आहे. पहाटे चारला, काका दादरला निघण्यापूर्वी चहा घेतात तेव्हा: अर्धं बिस्कीट, चहात बुडवून. सहाला आई: पोळीचा तुकडा, तूप लावून, 'कोरडा लागतो त्याला'. आठला वहिनी: बियांची वाटी. ही वाटी दिवसातून पुन्हा पुन्हा भरली जायची, कारण ती रिकामीच वाटे. किंवा भरलेली वाटायची आणि त्यात नुसती टरफलं असायची, त्याची दया येऊन आणखी. दुपारी पुतणी: वेफर्स, मीठ झटकून. चारला पुन्हा आई: सुकेळीचा तुकडा. ज्यांना सुकेळी ठाऊक नाही त्यांच्यासाठी, आमच्या वसईची राजेळी केळी उन्हात वाळवून होतो तो पदार्थ. सुकल्यावर केळ्यातली साखर तेवढीच राहते, पाणी जातं. संध्याकाळी काका परत येतात तेव्हा: शेंगदाणे, काजू, आणि 'थोडं दूध, हाडं बळकट व्हावीत म्हणून'. दूध पचवायची सोयच पक्ष्याच्या पोटात नसते, हे काकांना नंतर कळलं. प्रत्येकाची समजूत एकच, की मी देतो तेवढंच त्याच्या पोटात जातं, बाकी घर त्याला उपाशी मारतंय. यादी नीट उतरवून डॉक्टरांना पाठवायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे माझं नाव तीत नाही.

पक्ष्याला सूर्यफूल आवडतं म्हणून तो जाड होतो हे अर्धंच खरं. मोत्या पाच जणांकडून पाच प्रकारे प्रेम करून घेत होता आणि कोणाचाही हिशेब कोणाला कळू देत नव्हता. पहाटे बिस्कीट मिळालं हे सहा वाजता तो चोचीवर दिसू देत नसे. आईची पोळी तो अशी अधाशासारखी ओढायचा, की तिचे डोळे भरून यावेत. आमच्या घरात प्रेम मोजायचं एकच माप आहे, वाढणं. 'नको' म्हणणाऱ्याचं ते खरं धरायचं नसतं, आणि मोत्यानं तर आयुष्यात कधी 'नको' म्हटलं नव्हतं.

नवा तक्ता आला. बिया जवळजवळ बंद. पोपटांसाठी बनवलेल्या गोळ्या, मोड आलेले मूग, लाल भोपळा, गाजर, माठ, मेथी, शेवग्याचा पाला. फळ थोडं. काकांनी तो मोठ्यानं वाचला आणि कागद खाली ठेवला. "पोपट पूर्वापार पेरू खातो, मिरची खातो, शेंगा खातो. हे भोपळा-बिपळा काढलं कुणी?"

पूर्वापार म्हणजे कधीपासून, हे मी पाहिलं. सातव्या शतकात बाणभट्टानं कादंबरी लिहिली, तिची बरीचशी कथा वैशंपायन नावाचा पोपट सांगतो. शूद्रक राजा स्वतःचं जेवण झाल्यावर आधी त्याला विचारतो, तुला खायला नीट मिळालं ना? वैशंपायन त्यावर चांगलं अलंकारिक भाषण करतो. त्यातला अलंकार काढून घेतला तर उरतं ते जांभळाचा रस, डाळिंबाचे दाणे आणि आवळे. मिरची नाही, पेरू नाही, शेंगदाणा नाही. असतील कसे? मिरची, पेरू, शेंगदाणा, काजू, सूर्यफूल, वेफर्समधला बटाटा, ही सगळी मंडळी अमेरिकेतली. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती आली आणि १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेईपर्यंत ते इथंच होते. असल्या बऱ्याच जिनसा आपल्याकडे आल्या त्या त्यांच्याच जहाजांतून. आमच्या वहीतली निम्मी पानं पोर्तुगीज आहेत. आणि मोत्याचे वाडवडील तर ऑस्ट्रेलियात गवताचं बी टिपत फिरत होते, त्यांचा ना बाणभट्टाशी संबंध ना पोर्तुगीजांशी. काकांनी हे सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आवळा चालेल," ते म्हणाले.

गोळ्या आल्या. रंगानं मातकट, वासाला बेताच्या. काकांनी एक चावून पाहिली आणि हे कोंबड्यांचं खाद्य असल्याचा दाखला दिला. मोत्यानं वाटीच उपडी केली. इथं एक धोका असतो. पोपटाला जे खाद्य म्हणून ओळखू येत नाही, ते समोर असूनही तो उपाशी राहतो, अगदी मरेपर्यंत. त्यामुळे बिया एकदम बंद करायच्या नाहीत, चिमटी चिमटीनं कमी करायच्या, आणि रोज सकाळी त्याला काट्यावर घ्यायचं. वहिनीचा स्वयंपाकघरातला काटा त्यासाठी पडवीत गेला तो अजून परतलेला नाही. तेव्हापासून केकचा मैदा अंदाजानं पडतो.

पोपट थव्यानं खातो, म्हणून डॉक्टरांनी आणखी एक उपाय सांगितला: त्याच्यासमोर बसून तुम्ही खा. थवा जे खातो ते विषारी नाही, असं त्याला कळतं. झालं. संध्याकाळी पडवीत आम्ही ओळीनं बसून कच्चं गाजर आणि माठाची पानं चावू लागलो, तेही "अहाहा", "काय लागतंय" असं मोठमोठ्यानं म्हणत. आमच्या दारावरून रस्ता समुद्राकडे जातो. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं गाड्या भरभरून सुरूच्या बनाकडे आणि रिसॉर्टकडे जातात. त्यांतले काही गाडी हळू करून आमच्याकडे बघायचे. एका गृहस्थांनी उतरून विचारलं, इथं निसर्गोपचार केंद्र आहे का, आणि दर काय. काकांच्या रक्तातली साखर कित्येक वर्षं वाढलेली. त्यांच्या स्वतःच्या डॉक्टरांनी हिरवा पाला खा म्हणून कानीकपाळी ओरडून झालं होतं. तो त्यांनी कधी शिवला नाही. पोपटाला पटावं म्हणून आता ते तो दोन्ही हातांनी खात होते. साखर उतरली. याचं श्रेय कोणत्या डॉक्टरांना द्यायचं हा प्रश्न त्यांच्या डॉक्टरांसमोर पडला आहे.

तक्त्यात शेवटी कॅल्शियमसाठी एक वस्तू लिहिली होती. पुतणीनं ती दुकानातून आणली. पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची, प्लॅस्टिकच्या पुडीत. आईनं पुडी उघडली, किंमत विचारली आणि खाली बसली. तो समुद्रफेन होता. माकूल जातीच्या मासळीच्या पाठीतलं ते हाड. आमच्या किनाऱ्यावर येऊन पडतं. आईच्या लहानपणी मुलं त्यानं पाटीवर लिहायची. "आमच्याच दर्यातला कचरा आम्हालाच विकतात, आणि वर पिशवी घालून!" दुसऱ्या दिवशी ती स्वतः किनाऱ्यावर गेली आणि ओटी भरून घेऊन आली. त्यातले डांबराचे डाग पडलेले फेकून दिले (पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावर तेलाचे गोळे लागतात), बाकीचे गोड्या पाण्यात भिजवून खारटपणा काढला आणि कडक उन्हात वाळवले. आता आळीतल्या ज्या ज्या घरात पिंजरा आहे तिथं ती एकेक नेऊन देते आणि दुकानातला भाव सांगून येते.

खाण्याचं जमत आलं, मग घर बदलायचं निघालं. पक्ष्याची फुप्फुसं आणि त्यांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या हवेतलं बरंवाईट आपल्यापेक्षा कितीतरी लवकर आत ओढतात. न चिकटणारा तवा फार तापला, तर त्याच्या वाफेनं पोपट काही मिनिटांत दगावू शकतो. आई या तव्यावर पहिल्यापासून नाराज होती. तो माळ्यावर गेला त्या दिवशी तिनं बिडाच्या तव्यावर घावन घातले आणि प्रत्येक घावनाबरोबर वहिनीकडे एकदा पाहिलं. पण मग अगरबत्तीही गेली, धूपही गेला, आणि तिथं आईची पाळी आली. देवाजवळ आता नुसतं फूल आणि निरांजन. डास मारायची कॉइलही बंद. कळंबच्या डासांना ही बातमी त्याच रात्री कळली. अख्खं घर मच्छरदाणीत शिरलं. पक्ष्याला दहा-बारा तास अंधाराची झोप लागते, म्हणून संध्याकाळनंतर टीव्हीचा आवाज नाही. काका बातम्या ओठांवरून वाचतात. ते म्हणतात, काहीच बिघडत नाही.

मोत्याच्या शिटेचे फोटो रोज डॉक्टरांना पाठवायचे होते. शिटेत तीन भाग असतात: हिरवट विष्ठा, पांढरी लघवी आणि पाणी. तिन्हींचा रंग डॉक्टरांना बरंच सांगतो. काकांनी एका सकाळी तो फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. सुविचारांच्या रांगेत तो बसूनही गेला. चारजणांनी हात जोडले.

पण तो बरा होतोय हे आम्हाला शिटेवरून कळलं नाही, काट्यावरूनही नाही. डाळ कच्ची राहू लागली. आईचा नियम तीन शिट्ट्यांचा. कुकर एक द्यायचा, उरलेल्या दोन पडवीतून यायच्या. आई गॅस बंद करायची. जेवताना डाळ दाताखाली टणटणली की काकांचा चेहरा खुलायचा. "आज दोन दिल्या वाटतं त्यानं." वहिनीनं शेवटी कुकर सोडून मोबाइलवर वेळ लावायला सुरुवात केली. आता मोत्या मोबाइलचा तो टणत्कारही शिकतो आहे.

पुन्हा तपासायला नेला तेव्हा तो शंभराच्या आत आला होता. डॉक्टरांनी चोच घासून सारखी केली, नखं कापली, टाळू पाहिली, असंच चालू द्या म्हणाले. उठता उठता आईनं विचारलं, "शिमगा आलाय. पुरणपोळी?"

"नको."

"सणाचं, डॉक्टर. घरात सगळे खाणार आणि त्यानं बघत बसायचं?"

डॉक्टरांनी थोडा विचार केला. माणूस अनुभवी होता. "एक चिमूट," ते म्हणाले. "वर्षातून एकदा."

घरी येईपर्यंत चिमूट कोणाची यावरून जुंपली होती. आईची चिमूट म्हणजे लोणच्याला मीठ घालते ती. तीत मोत्या अख्खा मावेल. काकांची तंबाखूची. वहिनीची केशराची. पुतणी म्हणाली, लहान हात माझा, मीच देणार. होळीच्या आदल्या रात्री काकांनी सरळ डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, तुम्ही चिमूट म्हणालात. ती कोणाची धरायची?"

"पोपटाची," डॉक्टर म्हणाले आणि फोन ठेवला.